जट आधी की दुखणं आधी?

"मॅडम, जट कापली तर काही होणार नाही ना?"

हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात वर्षातून सात-आठ वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी जट आलेली बाई स्वतः विचारते, पण बहुतेकदा विचारते तिची लेक किंवा सून, जायला निघाल्यावर, दाराशी थांबून, हळू आवाजात. आणि थोडं खोदलं की खाली बरेचदा एक जुनं दुखणं सापडतं. कुणाचे सांधे, कुणाची पाठ, कुणाचा आखडलेला खांदा. गेल्या महिन्यात तीन घरं हाच प्रश्न घेऊन आली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचं.

उत्तर आधीच सांगून टाकते. जट कापल्याने काहीही होत नाही. डोळे जात नाहीत, नवऱ्यावर, पोरांवर संकट येत नाही. मान मात्र हलकी होते. पूर्वी मी हे पहिल्याच भेटीत ठणकावून सांगायची. आता सांगत नाही. हा बदल ज्या बाईमुळे झाला तिची ही हकिगत. तिची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. घरात सगळे तिला अक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन.

अक्का 48 वर्षांच्या, कराडकडच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा डोक्यावर घट्ट पदर आणि मान डावीकडे कललेली. खुर्चीत बसताना त्यांनी एक हात मानेमागे नेला आणि तान्ह्या बाळाला आधार द्यावा तसा जटेला खालून आधार दिला. पाण्याचा पेला पुढे केला, तर तो त्यांनी दोन्ही तळव्यांत दाबून उचलला. बोटं पेल्याभोवती वळतच नव्हती. उजव्या अनामिकेवर अंगठीचा पांढुरका वळ होता, अंगठी नव्हती.

"अंगठी?"

"सोनाराकडून कापून काढली. बोट लई सुजलं हुतं."

लेक म्हणाली, "जट आल्यापासून आईचं सगळं अंग दुखतं. गावात म्हणतात देवीचं नीट केलं नाही म्हणून." आधी जट, मग दुखणं, असा क्रम घराने मनात पक्का केला होता. सौंदत्तीच्या यल्लमाने हाक दिली आहे, मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन जोगवा मागायचा, केसांना कात्री लावायची नाही. अक्का ते सारं निष्ठेने करत होत्या, आणि सकाळी अंथरुणातून उठायला त्यांना तास-दीड तास लागत होता.

मी पुढच्या वेळी जुनी कॅलेंडरं आणायला सांगितली. दुधाच्या हिशेबासाठी सासूबाई कालनिर्णय फेकून देत नाहीत हे बोलण्यात आलं होतं. लेकीने दोन वर्षांची आणली. एका श्रावणाच्या पानावर, दुधाच्या खाड्यांशेजारी, मालकांच्या अक्षरात होतं: 'बोटे सुजली, सुई दिली.' पौषात: 'अंगठी कापली.' चैत्रात पुन्हा सुई. आणि 'देवीचं आलं, परडी भरली' ही नोंद दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रात. मध्ये तब्बल 14 महिने!

मला वाटलं, झालं काम. मी पानं अक्कांपुढे मांडली, बोट ठेवून दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी देवीनं आधी हात धरला, मग केस."

समजुतीत इतकी ताकद असते. पुरावा द्यावा, तर ती त्यालाही पोटात घेते आणि आणखी धष्टपुष्ट होते.

तरी त्या दिवशी मी त्यांना केसांचं गणित सांगितलं, ते इथेही सांगते, कारण ते प्रत्येक घराला ठाऊक हवं. रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. विंचरलं की ते फणीत येतात. विंचरणं थांबलं की तिथेच अडकून उरलेल्यांना गुंडाळत राहतात. केसाच्या पृष्ठावर खवले असतात, ते एकमेकांत रुततात. त्यात तेल, घाम, धूळ, भंडारा. लोकर दाबून घासली की तिचा घट्ट गोळा होतो ना, तसंच. लांब केस आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर हे फार लवकर होतं. ज्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही आणि बोटं फणी धरू शकत नाहीत, त्यांचंही तेच.

आणि हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. पोलंडमध्ये ही गोष्ट एकेकाळी इतकी सर्रास होती की वैद्यकात जटेचं नावच 'प्लायका पोलोनिका' पडलं. तिथेही लोक मानत, की आजार केसांवाटे बाहेर पडतोय, कापली तर आंधळेपण किंवा वेड येईल. क्राकोचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ डिट्ल, जे 1866 मध्ये त्या शहराचे महापौर झाले, त्यांनी या समजुतीविरुद्ध मोठं काम केलं. स्वच्छता वाढली, जटा ओसरल्या.

अक्कांनी मन लावून ऐकलं. "तिकडं कोन देवी?"

"यल्लमा नाही. तिकडे तिचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं."

त्या बराच वेळ गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "तुमी सांगताय ते खोटं न्हाई वाटत. पर कापायचं न्हाई."

त्या रात्री हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खोटं वाटत नाही, पण कापायचंही नाही. म्हणजे भीती देवीची नव्हती. मग कशाची? माझी घडण विवेकनिष्ठ विचारांची. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी शिकवलं, की घटनेला आपण जो अर्थ लावतो त्यातून दुःख वाढतं. तो चुकीचा अर्थ शोधून दुरुस्त करायचा, ही माझी सवय. पण एखादा चुकीचा अर्थ माणसाला काही देतही असेल, तर? तो काढून घेताना बदल्यात हातावर काय ठेवणार, याचा विचार आपण करतो का?

पुढच्या भेटीत मी जटेविषयी एकच प्रश्न विचारला. "अक्का, जट आल्यावर घरात काय बदललं?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच. मग हसू विरलं आणि पदर तोंडाशी गेला.

"आत्याबाई म्हनल्या, पोरी, तू बस. मी थापते भाकरी." थोडं थांबून, "दोन वरसं मी सांगत हुते, पहाटं हात वळत न्हाईत, पीठ मळवत न्हाई. तर म्हनायच्या, भाकरीला दुखतंय, जेवायला बरं दुखत न्हाई. मालक म्हनायचे, सुई मारली की, आजून काय? दुखतंय म्हनलं तर कुनी बगत नव्हतं म्याडम. जट दिसली आन् सगळी बगाया लागली."

रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण आपण किती सहज वापरतो. माझ्यापुढे ती म्हण जगणारी बाई बसली होती. संधिवाताची वेदना डोळ्यांना दिसत नाही, सहसा ताप नसतो, प्लास्टर नसतं. जट मात्र दिसते, आणि तिला मान असतो. अक्कांच्या न दिसणाऱ्या दुखण्याला जटेने दिसणारं रूप दिलं. सासूने हातातली परात काढून घेतली, ती जटेकडे पाहून.

"आन् कापली," त्या म्हणाल्या, "तर म्हनतील आता बरी झालीस, उठ, लाग कामाला. दुखनं तर हायेच की."

मी एवढंच म्हणाले, "अक्का, जट नसती तरी तुमचे हात दुखतच होते. मला ते खरं वाटतं. आज कापली तरी उद्या दुखतील, आणि उद्याही मला ते खरंच वाटेल."

त्या रडल्या. खूप वेळ. मी मध्ये बोलले नाही. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर एवढं कळतं, की असं रडणं थांबवायचं नसतं. लेक उठून आईजवळ बसली आणि तिने आपला हात जटेखाली आधाराला धरला. अक्कांनी स्वतःचा हात खाली घेतला. तो क्षण मी कधी विसरणार नाही, त्या हाताला किती दिवसांनी विश्रांती मिळाली असेल!

मग कात्रीआधी दोन गोष्टी केल्या. पहिली, तपासणी. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकतो आणि हे सहा आठवड्यांपलीकडे चालतं, तेव्हा तो थकवा नसतो. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवायचं. अक्कांना आमवात निघाला, डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. तो पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीनपट अधिक होतो. गावातल्या सुईने चार दिवस बरं वाटतं, आत सांधे झिजत राहतात. योग्य औषध जितकं लवकर सुरू होईल तितके सांधे वाचतात, आणि देवीचं म्हणून काढलेला प्रत्येक महिना सांध्यांकडून वसूल होतो. माझी खरी तळमळ इथे आहे. आणि एक सावधगिरी: यात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुधा दिली जाते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. पाकिटावर वार लिहून ठेवा. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

दुसरी गोष्ट, घरच्यांची बैठक. सासूबाई आणि मालक दोघांना बोलावलं. सासूबाईंना मी दोष दिला नाही. त्यांनीही उभी हयात गुडघे चोळत काढली होती आणि त्यांनाही कधी कुणी विचारलं नव्हतं. ठरलं ते इतकं: पहाटेच्या भाकरी अक्कांनी थापायच्या नाहीत, जट असो वा नसो. आणि रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "आज किती?" शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकं. जो आकडा येईल तो कालनिर्णयवर लिहायचा. दुखणं दिसत नसेल, आकडा तरी दिसेल.

आकडे लिहायला लागून दीड महिना झाल्यावर अक्का आपणहून म्हणाल्या, "शुक्रवार सोडून कवाबी कापा."

बुधवारी कापली. लेकीनेच, थोडी थोडी, मुळाजवळून. आधी सासूबाईंनी देवीपुढे दिवा लावला, हळद-कुंकू वाहिलं. मला विचारलं, चालेल ना? का नाही चालणार? देवीशी माझं भांडण नाही, भीतीशी आहे. जट घरातल्या काट्यावर 400 ग्रॅम भरली, तीही कोरडी. न्हाल्यावर दिवसभर न वाळणारी ती ओली जट मानेला किती पडत असेल! अक्कांच्या इच्छेप्रमाणे ती शेताच्या बांधावर पुरली.

घरी जट असेल तर चोरून, झोपेत कापू नका. तसं करणारे लोक मला भेटले आहेत. नंतर घरात कुणाला साधा ताप आला तरी त्या बाईचं आयुष्य नरक होतं. आधी तिचं दुखणं ऐका. भीती घट्ट असेल तर अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांची मदत घ्या. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा त्यांच्या संमतीने सोडवल्या आहेत, अशा माणसाचं बोलणं ऐकून धीर येतो. आणि गुंता नुकता सुरू झाला असेल तर कात्रीचीही गरज नाही. तेल किंवा कंडिशनर लावून बोटांनी सोडवा, टोकाकडून वर या, रुंद दातांची फणी वापरा. हात चालत नसतील तर केस खांद्याच्या वर ठेवा आणि विंचरणं घरातल्या कुणाच्या तरी नावावर करा.

अलीकडे शहरातली तरुण मुलंही वेगळ्या अंगाने हेच विचारतात. एका मुलीने, तिलाही सांध्यांचं जुनं दुखणं, विचारलं, "विंचरायला त्रास होतो, तर ड्रेडलॉक्स करून घेऊ का?" ड्रेडलॉक्स म्हणजे मुद्दाम वळलेल्या जटा. जमैकातल्या रास्ताफारी पंथात ती श्रद्धेची खूण आहे, बाकीच्यांसाठी आवड. मी तिला नाही म्हटलं नाही. आखूड ठेव, मुळाशी ताण पडू देऊ नकोस, नाहीतर पुढचे केस विरळ होतात. धुतल्यावर पूर्ण वाळव. त्यांनाही निगा लागते, तीही हात वर करूनच, तेव्हा ती कोण करणार ते आधी ठरव. तिच्यात आणि अक्कांमध्ये फरक एकच. तिला कंटाळा आला की ती त्याच संध्याकाळी कापून येऊ शकते, कुणाची परवानगी न मागता.

अक्कांची बोटं पूर्ण सरळ झालेली नाहीत, होणारही नाहीत कदाचित. मालकांनी उलथन्याच्या लांब दांड्याला फणी बांधून दिली आहे, त्या फणीने अक्का आपले बॉयकट केस स्वतः विंचरतात. मागच्या आठवड्यात फोन आला. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मान न्हाई दुखत आता. बोटं दुखत्यात."

"आज किती?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, चुलीपाशी बसून, मोठ्याने. "चार! लिवलंय मी."