जनुके दाबून ठेवणारी प्रथिने आजारांना कारणीभूत ठरतात का? तसे असेल तर ती सरळ काढून का टाकत नाहीत?

उल्हासनगरच्या आपल्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, त्याला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि एका ‘रिप्रेसर’ (म्हणजे जनुक दाबून ठेवणाऱ्या) प्रथिनामुळे त्याचे जन्माच्या वेळचे चांगले हिमोग्लोबिन बंद पडले असे आपल्या वाचनात आले, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हिमोग्लोबिनच्या तपासण्यांचे अहवाल पाहते. कल्याण-उल्हासनगरकडचे नमुने आमच्याकडे नेहमीच येतात, आणि हाच प्रश्न पालकांकडून मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत असते.

आधी थेट उत्तर देते. त्या प्रथिनामुळे आपल्या भाच्याला आजार झालेला नाही. आजाराचे मूळ ११व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन (हिमोग्लोबिनचा एक घटक) या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषात आहे, आणि तो दोष त्याला आई व वडील या दोघांकडून मिळालेला आहे. सिंधी कुटुंबांमध्ये या जनुकाचा ६१९ डीएनए-अक्षरांचा एक तुकडाच गळालेला असणे हा एक नेहमी आढळणारा प्रकार आहे. रिप्रेसरचा संबंध येतो तो यानंतर.

गर्भात असताना प्रत्येक बाळ बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन वापरून हिमोग्लोबिन एफ तयार करते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे जनुक मागे पडते, बीटाचे पुढे येते आणि हिमोग्लोबिन ए तयार होऊ लागते. आमच्या यंत्राच्या आलेखावर हा बदल अगदी स्पष्ट दिसतो : नवजात बाळाच्या आलेखात सुरुवातीलाच एफचे उंच शिखर असते, तर निरोगी प्रौढाच्या आलेखात त्या जागी एक टक्क्याच्या आसपासचा जेमतेम उंचवटा उरतो आणि पुढे एचे मोठे शिखर येते. थॅलेसेमिया मेजरची लक्षणे जन्मतः न दिसता सहसा सहाव्या महिन्यानंतर का दिसू लागतात, याचे कारण हेच आहे. गॅमाचा आधार सुटतो आणि बीटा तर मुळातच नसते.

गॅमाला मागे सारणारे मुख्य प्रथिन म्हणजे बीसीएल११ए. गॅमा जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे ११५ अक्षरे आधी टीजीएसीसीए असा सहा अक्षरांचा क्रम आहे, तिथे हे प्रथिन बसते आणि आणखी काही प्रथिनांचा संच तिथे ओढून आणते. हा संच हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट काढून टाकतो, त्यामुळे तिथला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि त्या जनुकाची आरएनए प्रत निघणे जवळजवळ थांबते. काही कुटुंबांत नेमक्या याच जागी एका अक्षराचा जन्मजात बदल असतो. त्या व्यक्तींमध्ये एफ आयुष्यभर वाढलेले राहते आणि त्यांना त्याचा काही त्रासही होत नाही. बीसीएल११एचे हे काम २००८ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाले, तेव्हापासून त्याला हटवण्याचा विचार सुरू झाला.

इथे पालकांचा एक गैरसमज नेहमी होतो. मुलाच्या पहिल्या अहवालात ‘एफ ९० टक्क्यांहून अधिक’ असे पाहून ते म्हणतात की, एफ तर भरपूर आहे, मग रक्त कशाला चढवायचे? ही टक्केवारी जेवढे हिमोग्लोबिन आहे तेवढ्यातली असते. ए जवळजवळ नसल्यामुळे एफचा वाटा मोठा दिसतो, पण एकूण हिमोग्लोबिन पाच-सहा ग्रॅमवर आलेले असते. रिप्रेसर हटवल्यावर एफचे प्रत्यक्ष प्रमाण वाढणे अपेक्षित असते.

मग तो हटवत का नाहीत? कारण बीसीएल११ए मेंदूच्या वाढीसाठी आणि बी लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींसाठीही लागते. या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असलेली मुले जगात आहेत. त्यांचे एफ वाढलेले असतेच, पण त्यांचे बोलणे उशिरा येते आणि बौद्धिक वाढ मागे राहते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण एकाच प्रथिनाच्या अभावाचा लाभ आणि त्याची किंमत दोन्ही एकाच मुलात दिसतात.

२०१३ मध्ये असे आढळले की, बीसीएल११ए जनुकाच्या आतच एक छोटा भाग आहे, जो हे जनुक फक्त लाल पेशींच्या घडणीत जोमाने चालवतो. तेवढाच भाग क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने मोडला तर मेंदूतल्या कामाला धक्का लागत नाही. कॅसजेव्ही हा उपचार याच युक्तीवर उभा आहे. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, आणि अमेरिकेने थॅलेसेमियासाठी जानेवारी २०२४ मध्ये. प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जणांना किमान वर्षभर रक्त लागले नाही. मात्र हा उपचार १२ वर्षे व त्यापुढील वयासाठी आहे, रुग्णाच्याच मूलपेशी काढून, बदलून, तीव्र केमोथेरपीनंतर परत द्याव्या लागतात, आणि अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे.

रिप्रेसर स्वतःच बिघडल्याने होणारे आजारही आहेत. एमईसीपी२ हे प्रथिन कमी पडले तर मुख्यतः मुलींमध्ये रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार होतो, आणि त्याच जनुकाची जादा प्रत असली तर मुलग्यांमध्ये वेगळा, तितकाच गंभीर आजार होतो. रक्ताच्या एका कर्करोगात १५ व १७ या गुणसूत्रांचे तुकडे जुळून एक नवेच प्रथिन बनते. ते जनुके दाबून पेशींना अर्धवट वयातच अडकवते. तिथे ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे देऊन तो दाब उठवता येतो आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणजे रिप्रेसर म्हटला की वाईट, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. कोणता, कोणत्या पेशीत आणि किती प्रमाणात, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

भाच्यासाठी आज हाती असलेला खात्रीचा मार्ग म्हणजे सख्ख्या भावंडांशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावे लागणारे पेशींवरचे ओळखचिन्ह) जुळते का हे लवकर तपासणे, कारण जुळल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो आणि ते लहान वयात केल्यास अधिक यशस्वी होते. बोरिवलीला मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे, तिथे चौकशी करावी, आणि तोवर वारंवार रक्त चढवल्याने साठणारे लोह उतरवणाऱ्या गोळ्यांत खंड पडू देऊ नये. त्याच्या आईवडिलांना पुढचे मूल हवे असेल तर गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते. त्यासाठी दोघांचे जनुकीय दोष आधीच ओळखून ठेवलेले असावे लागतात, म्हणून ती रक्ततपासणी गर्भधारणेपूर्वीच करून घ्यावी.