विहिरीत पापुद्रे सुटणारा दगड लागलाय, तो शिस्ट का? आणि शिस्टच्या भागात भ्रंश काय करतात?

बीडकडच्या विहिरीत लागला असेल तर तो बहुतेक कुजका बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड), म्हणजे आपला मुरूम. कांद्यासारखे पापुद्रे हवा-पाण्यानं सुटतात. शिस्टचं गणित वेगळं. चिखलाचा खडक कित्येक किलोमीटर खोल गेला, तापला आणि एका बाजूनं दाबला गेला की त्यातल्या मातीचं अभ्रक होतं, आणि त्याचे कण दाबाला आडवे, सगळे एकाच दिशेत झोपतात. म्हणून तुकडा उन्हात फिरवला की चमचमतो, कड उचकटली की पातळ पत्रा निघतो. बघायचाच तर भंडाऱ्यात साकोलीकडे जा.

भ्रंश म्हणजे अशी भेग, जिच्या दोन बाजूंचा खडक एकमेकांलगत सरकलाय. त्याचं काम इथं सुरू होतं. भेगेलगत खडक भरडला जातो, त्यात पाणी मुरतं, झीज लवकर होते. मग ओढा उगाच वळणं न घेता सरळ रेषेत धावताना दिसतो. कधी खोलवर शिजलेला खडक भ्रंशानं वर येऊन कमी तापलेल्याला खेटतो आणि नकाशावर शिस्ट एकदम तुटतो. पत्र्यांचा कल उताराकडे असला की दरडीही तिथंच.

मराठवाड्यात असला जुना, पायाचा खडक बहुतेक ठिकाणी लाव्ह्याखाली दडलाय. पूर्व नांदेडात, देगलूरकडे, ग्रॅनाइट उघडा दिसतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतलं, तेव्हा साडेतीनशे मीटरच्या आतच बेसॉल्ट संपला होता.