आजोबांचा चावीचा ग्रामोफोन मिळालाय. कसा वाजवायचा, कसा जपायचा?

तुम्ही लिहिलंय की चावी फिरते, तबकडी लागते, पण गाणं निम्म्यावर आलं की गायिकेचा आवाज बसत जातो. शिवाय पेटीत डबीभर पिना सापडल्यात, त्या चालतील का, असंही विचारलंय.

आधी पिनांचं सांगतो, कारण लोक मशीन जपतात आणि तबकड्यांचं वाटोळं करतात. एक बाजू, एक पिन. बाजू वाजली की पिन फेकायची. याला चिकटपणा चालत नाही. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड असते. ती पोलादी पिनेचं टोक खाचेच्या मापात घासून घेते. तीन-साडेतीन मिनिटं वाजलेली पिन मी एकदा घड्याळजीच्या भिंगाखाली धरली होती. टोकाला दोन्ही बाजूंनी चपटे पैलू पडले होते, अगदी छिन्नीसारखे. तीच पिन पुन्हा लावली की ती खाच तासायला लागते. तुमच्या डबीत नव्या-जुन्या मिसळलेल्या असतील तर सरळ नव्या घ्या. पिन उभी नको, साधारण ६० अंशात तिरकी हवी, आणि तबकडी ज्या दिशेला फिरते त्या दिशेला टोक झुकलेलं हवं.

एलपी, म्हणजे सावकाश फिरणारी प्लास्टिकची तबकडी, मात्र चुकूनही लावू नका. साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन बसते त्या गोल डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, एका फेरीतच एलपी खरवडून निघेल.

आता आवाज बसण्याचं. प्रत्येक बाजूआधी चावी द्या, पण जोर लागायला लागला की थांबा. भरपूर चावी देऊनही आवाज बसतोय किंवा आतून धाडकन हिसका येतोय, तर स्प्रिंगवरचं ग्रीस वाळलंय. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. डब्यात गुंडाळलेली ती पोलादी पट्टी काही मीटर लांब असते, सुटली तर हात कापते. घरी एवढंच करा: चावी पूर्ण उतरवून (स्प्रिंग सैल होईपर्यंत तबकडी फिरू देऊन) गव्हर्नरच्या, म्हणजे वेग एकसारखा ठेवणाऱ्या फिरत्या भागाच्या, टोकांना शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. वेग तपासायला तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवा, पिन टेकवून वाजू द्या आणि मिनिटाला फेऱ्या मोजा. ७८ भरेपर्यंत वेगाचा काटा सरकवायचा.

स्वच्छतेत मी स्वतः माती खाल्ली आहे. बुरशी दिसली म्हणून एक तबकडी स्पिरिटने पुसली. कापूस तपकिरी झाला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होती लाख! ती बाजू आता नुसती खरखरते. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, मधलं लेबल कोरडं ठेवून. पावसाळ्यात तबकड्या उभ्याच ठेवा, आडव्या रचल्या तर वाकतात आणि खालच्या तडकतात.

मशीन ठेवून देताना चावी उतरवून ठेवा, स्प्रिंग ताणलेली राहू देऊ नका. आणि घुमटल्यासारखा आवाज येत असेल तर साउंडबॉक्समधली रबरी कडी कडक झाली असेल. ती बदलून मिळते.

एक आगाऊ सल्ला: पेटीवर पितळी कर्णा असलेला 'अँटिक' ग्रामोफोन घेऊ नका. मुंबईच्या चोरबाजारात कर्णेवाले बरेचसे नवे जोडलेले असतात, एचएमव्ही कंपनीचं कुत्र्याचं चित्रही नवंच चिकटवलेलं. तुमची साधी पेटी त्यांच्यापेक्षा खरी आहे.