बँकॉकचं लग्न इथे किती चालेल?

प्रश्न : मी 43 वर्षांचा आहे, माझा जोडीदार 46 वर्षांचा. आम्ही दोघं पुरुष 12 वर्षं एकत्र राहतो. फ्लॅट आणि कर्ज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, पण निम्मा हप्ता मी दरमहा त्याच्या खात्यात भरतो. तीन महिन्यांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं, गुंतागुंत झाली आणि दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. त्यामुळे गावाहून त्याचा मोठा भाऊ येईपर्यंत मला कुणी काही सांगितलं नाही. जाताना भाऊ म्हणाला, "उद्या याचं काही बरंवाईट झालं तर फ्लॅटचं आम्ही बघू. जास्त बोललास तर पोलिसांत सांगेन." त्याची आई हयात आहे, वडील नाहीत. थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाल्याची बातमी वाचली. तिथे जाऊन लग्न केलं तर इथे हक्क मिळतील का?

उत्तर : अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर काढलेले ते दोन दिवस तुम्ही दोन ओळींत उरकले आहेत. त्या दोन ओळी मी दोनदा वाचल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याशीच जोडलेलं आहे, म्हणून आधी सरळ सांगते : नाही. बँकॉकमधलं लग्न तिथे शंभर टक्के खरं असेल, पण त्या दाखल्यामुळे भारतात तुम्ही एकमेकांचे वारस, नातेवाईक किंवा 'पती-पत्नी' ठरणार नाही.

थायलंडचा कायदा जानेवारी 2025 मध्ये लागू झाला. आशियात त्याआधी तैवानने 2019 मध्ये तसा कायदा केला, आणि नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर 2023 मध्ये पहिली नोंदणी झाली. आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असं एकमताने सांगितलं आणि कायदा करायचा की नाही हे संसदेवर सोडलं. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. परदेशातल्या लग्नासाठी 1969 चा परदेशी विवाह कायदा आहे, पण तोही वधू आणि वर यांच्याच भाषेत बोलतो.

लग्न कुठे लागलं यापेक्षा घरच्या सरकारने ते मानलं का, यावरच सगळं अडतं. ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी 2007 मध्ये कॅनडात लग्न केलं. 2009 मध्ये थिया वारल्या आणि केंद्र सरकारने एडिथना वारसा कराचं 3,63,053 डॉलरचं बिल पाठवलं. नवरा-बायको असते तर एक डॉलरही भरावा लागला नसता. कोर्टात लढून, 26 जून 2013 रोजी त्या जिंकल्या. त्याच वर्षी ओहायोमधले जिम ओबर्गफेल आपल्या मरणासन्न जोडीदाराला रुग्णवाहिका-विमानातून मेरीलँडला घेऊन गेले. धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातच दोघांचं लग्न लागलं आणि ते लगेच परत फिरले. त्यांना ना जमीन हवी होती ना पैसा. जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपलं नाव असावं, एवढंच मागणं होतं. ओहायो राज्याने त्याला नकार दिला आणि तेच प्रकरण पुढे 2015 मध्ये साऱ्या अमेरिकेला विवाहाचा हक्क देऊन गेलं. मृत्यूच्या दाखल्यावरची एक ओळ माणसाला किती मोलाची वाटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हाँगकाँगची गोष्टही लक्षात ठेवा. तिथल्या अंतिम न्यायालयाने 2023 मध्ये सरकारला समलिंगी जोडप्यांसाठी पर्यायी व्यवस्था करायला सांगितलं, 2024 मध्ये परदेशात लग्न केलेल्यांचा वारसा हक्क मान्य केला, पण सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या विधिमंडळाने नोंदणीचं विधेयकच पाडलं. दक्षिण कोरियात लग्नाला मान्यता नाही, तरी जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराला आरोग्य विम्यात अवलंबित म्हणून घ्यायला लावलं. कुठेही सगळे हक्क एका झटक्यात पदरात पडलेले नाहीत. जिथे जो दरवाजा किलकिला होता, तिथून लोक आत गेले. आपणही तेच करायचं आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती फ्लॅटची. तुमचा जोडीदार अविवाहित आहे, तुम्ही दोघं हिंदू आहात असं धरते. मृत्युपत्र न करता तो गेला तर हिंदू वारसा कायद्यानुसार सगळं आईला जातं, कारण ती वर्ग 1 ची वारस. आई आधी गेली असेल तर भावंडं येतात. त्या यादीत शेवटपर्यंत तुमचा पत्ता नाही. त्यावर तुम्ही म्हणाल, पण निम्मे हप्ते माझे आहेत. इथेच मोठा खड्डा आहे. एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर घर घेणं हा बेनामी व्यवहार ठरू शकतो. नवरा-बायको आणि मुलांना त्या कायद्यात सूट आहे, तुम्हाला नाही. "घर त्याच्या नावावर, पण खरं माझं" असा दावा कोर्टात मांडलात तर तो तुमच्यावरच उलटेल. म्हणून कृपा करून कुणाच्याही सांगण्यावरून असं काही लिहून देऊ नका.

त्याऐवजी मृत्युपत्र करा, दोघांनीही. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम हत्यार आहे. माणूस आपल्या मालकीचं काहीही, कुणालाही देऊ शकतो, नातं लागत नाही. आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर घेणाऱ्याला आयकरही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, साठीच्या पुढचे. जोडीदार जाऊन महिना झाला होता. त्यांनी टेबलावर एक प्लास्टिकची फाइल ठेवली. आत वीजबिलं, एक चष्म्याचं घर आणि डायरीतून फाडलेलं एक पान. पानावर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं की माझं घर आणि ठेवी यांना द्याव्यात. खाली सही होती, तारीख होती. आणि साक्षीदार एकच. कायद्याला दोन लागतात. अक्षर त्याचंच होतं, इच्छा त्याचीच होती, त्याबद्दल त्याच्या पुतण्यालाही शंका नव्हती. तरी घर पुतण्याकडे गेलं. दुसरी सही शेजारच्या दुकानदारानेही केली असती.

म्हणून नीट ऐका. दोन साक्षीदार, दोघंही एकाच वेळी समोर हजर, शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण. त्यातला एक नेहमीचा डॉक्टर असेल तर उत्तम, कारण मन ठिकाणावर होतं का हा प्रश्न हमखास निघतो. ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून घ्या. मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून भरवशाच्या तिसऱ्या माणसाचं नाव घाला. आणि माझा आग्रह आहे की त्याने आईसाठीही काहीतरी ठेवावं, एखादी ठेव, दागिने, जे योग्य वाटेल ते, आणि बाकीचं तुम्हाला का देतो आहे ते दोन वाक्यांत लिहावं. सख्ख्या वारसांना पूर्ण वगळलं की कोर्ट मृत्युपत्राकडे संशयाने पाहतं. आईला आठवणीने दिलेलं असलं की भावाच्या वकिलाचा अर्धा युक्तिवाद तिथेच गळतो. गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र तुम्ही पडू नका, असं माझं मत आहे.

मृत्युपत्राचा आधार मृत्यूनंतर. हयातीत तुमचं नाव घरावर यायला हवं असेल तर निम्मा हिस्सा बक्षीसपत्राने घेऊ नका. नवरा-बायकोला मिळणारी मुद्रांक शुल्काची सवलत तुम्हाला नाही. शिवाय कायद्याच्या लेखी तुम्ही 'नातेवाईक' नसल्याने 50,000 रुपयांच्या वरच्या भेटीवर तुम्हाला आयकर भरावा लागेल. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे, तिकडे लक्ष ठेवा. बँकेची संमती घेऊन, योग्य मोबदला दाखवून हिश्श्याचं विक्रीखत करता येतं. तोपर्यंत, यापुढे द्याल तो पैसा बिनव्याजी कर्ज म्हणून साध्या करारावर लिहून ठेवा आणि रोख कधीच देऊ नका.

बँकेचं काम एका दिवसाचं आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. शाखेत कुणी तोंड वाकडं केलं तर त्या स्पष्टीकरणाचा उल्लेख करा. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, ते वारसांसाठी किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यासाठी. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हींत एकच नाव असू द्या. भविष्य निर्वाह निधीची गोष्ट वेगळी. तिथे अवलंबून असलेली आई 'कुटुंब' ठरते, आणि कुटुंब असताना बाहेरच्याचं नामनिर्देशन रद्दबातल होतं. त्याच्या आईचं पोट त्याच्यावर आहे का, हे आधी तपासा.

आता दवाखाना. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरते, सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हे नीट सांगितलं आहे. भावाच्या सहीची तेव्हाही गरज नव्हती आणि आताही नाही. अडचण शुद्ध हरपल्यावर येते. अनेक जण मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात, पण आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते पत्रही निकामी होतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून दोन कागद वेगळे करा. एक, उपचारांविषयीचं पूर्वनिर्देशपत्र, म्हणजे आपल्याला सांगता येत नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. ते आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यापुरतं असतं, पण त्यात तुमचं नाव स्पष्ट घालता येतं. दुसरा, मानसिक आरोग्य कायदा 2017 खाली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारा माणूस. साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान व्यक्तीला नेमता येतं, नातं विचारलं जात नाही. मानसिक आजारापुरतं का होईना, हा कायद्याने दिलेला पक्का हक्क आहे. याशिवाय, "माझ्या प्रकृतीची सर्व माहिती यांना द्यावी, मला भेटू द्यावं" असं त्याच्या सहीचं, नोटरी केलेलं पत्र नेहमी जवळ ठेवा. त्यामागे स्वतंत्र कायदा नाही, पण रात्री दोन वाजता ड्यूटीवरचा डॉक्टर कायद्याचं पुस्तक उघडत नाही, तो हातातला कागद बघतो. अंत्यसंस्काराबद्दल, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये राज्यांना कळवलं आहे की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. भाऊ हजर असेल तर मंत्रालयाचं हे पत्र पुरणार नाही, म्हणून ती इच्छाही त्याने आजच लिहून ठेवावी.

भावाच्या पोलिसांच्या धमकीला घाबरू नका. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून तुमचं नातं गुन्हा नाही, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. उलट, जगजाहीर करीन म्हणून पैसे किंवा घर उकळणं हा खंडणीचा गुन्हा आहे. पुन्हा बोलला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, मेसेज असेल तर पुसू नका. मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं की कुटुंब उभं राहण्याचा मार्ग फक्त लग्नातूनच जात नाही, माणूस आपलं कुटुंब निवडू शकतो. तो निकाल दुसऱ्या राज्याचा असला तरी तुमच्या वकिलाने तो हाताशी ठेवावा.

आणि बँकॉक? मनात असेल तर जरूर जा. उद्या नोकरीनिमित्त असं लग्न मानणाऱ्या देशात गेलात तर तो दाखला व्हिसासाठी कामाला येऊ शकेल. फक्त दोन गोष्टी आधी बघा. तिथे परदेशी माणसाकडे विवाहास मोकळा असल्याचा, स्वतःच्या दूतावासाने प्रमाणित केलेला कागद मागतात, तो हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि ते लग्न कधी मोडायची वेळ आली तर इथल्या कुटुंब न्यायालयाचा दरवाजा तुम्हाला उघडा नसेल, याची दोघांनी मोकळेपणाने चर्चा करा.

पण विमानाआधी मृत्युपत्र. जोडीदार अजून तपासणीला जातोय असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण जात असणारच. पुढच्या वेळी माहिती आणि भेटीच्या त्या नोटरी केलेल्या पत्राची प्रत पाकिटात घेऊन जा, आणि फॉर्म पुढे आला की नात्याच्या रकान्यात 'जोडीदार' लिहा.