आजोबा फौजी होते, पण लढाईबद्दल कधी बोललेच नाहीत. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजली सभेला, काय बोलू?

लढाईवर दोनच वाक्यं बोला, आणि तीही त्यांच्या मेडलवरून.

आमच्या उत्तर नागपुरात असे न बोलणारे म्हातारे गल्लोगल्ली होते. माझे आबा त्यातलेच, महार रेजिमेंटचे. १९६२ च्या चीन युद्धानंतर भरती वाढली, तेव्हा गेले. कुठं लढलात विचारलं की, "बॉर्डरवर होतो न बाप्पा," एवढंच.

तेव्हा आधी त्यांची पेटी उघडा. समर सेवा स्टार निघाला तर १९६५ ला ते आघाडीच्या भागात होते. रक्षा मेडल त्या काळात सैन्यात असलेल्या इतर अनेकांनाही मिळालंय, त्यावरून आघाडी ठरवू नका. १९७१ चा पूर्वी स्टार बांगलादेशाच्या बाजूचा, पश्चिमी स्टार पाकिस्तानच्या. तेवढं सांगा आणि पुढे चला. 'निधड्या छातीचा वीर' वगैरे बोलायला सभेत कोणीतरी नगरसेवक असतोच.

बाकी वेळ घराला द्या. जुनी अंतर्देशीय पत्रं मिळतात का बघा. आबांच्या पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '५६ एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही. फौजेच्या टपालाचा तो पत्ताच तसा. जवान नेमका कुठे आहे ते बाहेर कळू नये म्हणून. आजीला कितीतरी दिवस हे एखाद्या गावाचंच नाव वाटायचं. पत्रं ती पोस्टमनकडूनच वाचून घ्यायची. मजकूर काय, तर पावसाआधी कवेलू (छपराची कौलं) फेरून घे, उधारी कोणाची ठेवू नको, आणि पोरीची शाळा बंद करू नको. हे शेवटचं जवळपास दर पत्रात. आत्या पुढे शिक्षिका झाली. मी सभेत त्यातलं एक पत्र जसंच्या तसं वाचलं, कवेलूसकट. लोक हसले, आत्या रडली.

पेन्शनीत आल्यावर आबा बँकेत गार्ड होते. रात्रपाळी करून घरी आले की झोपायच्या आधी अंगणात बसून आमचे शाळेचे बूट घासायचे. बोटाला फडकं गुंडाळून, पॉलिशच्या डबीत थोडी थुंकी, मग टोकावर गोल गोल, चमक येईस्तोवर. तुमच्या आजोबांचंही असं काहीतरी असेल. आईला, काकूला विचारा, पुरुषमंडळींना आठवत नाही.

आणि ते बोलत नव्हते असं तुम्ही म्हणता, ते पुन्हा एकदा तपासा. आबा लढाईवर गप्प, पण १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बापासोबत उभे होते, ते मात्र दर वर्षी नव्यानं सांगायचे: पांढरी लुगडी, पांढरे सदरे, नजर जाईल तिथवर माणूस. आम्ही कंटाळायचो, तरी सांगायचे. तुमचे आजोबा तेच ते काय सांगायचे? तिथून सुरुवात करा.

पाच मिनिटांत आटपा, पुढे भोजनदान असतं. पेटी उघडलीच आहे तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि डिस्चार्ज बुक वेगळं काढून ठेवा. आजी असतील तर फॅमिली पेन्शनसाठी मृत्यूच्या दाखल्यासोबत ते लागतील. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.