पदरमोड जरूर करा, पण निवृत्तीनिधी मोडू नका

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र, हिशेबाचा तक्ता आणि सोबतची तीन छायाचित्रं मिळाली. इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वय ४१. जाहिराती आणि कॅटलॉगसाठी वस्तूंची छायाचित्रं काढण्याचा व्यवसाय, स्वतःचा छोटा स्टुडिओ, घर तुमच्या एकट्याच्या कमाईवर. आता वर्षभर सगळं व्यावसायिक काम बंद ठेवून, रात्रपाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसांची व्यक्तिचित्रं काढायची आहेत. त्यांचं पुस्तक करायचं, प्रदर्शन भरवायचं. त्यासाठी हाताशी असलेली शिल्लक वापरायची, निवृत्तीनिधीतून काही रक्कम काढायची आणि नव्या कॅमेऱ्यासाठी कर्ज घ्यायचं, असा बेत आहे. परवडेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं: हे काम तुम्ही करावंच. पण स्टुडिओ बंद ठेवून नको, निवृत्तीनिधी मोडून नको आणि कर्ज काढून तर अजिबात नको.

तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून रकमा लिहीत नाही. तुमच्या घराला एका महिन्याला लागणारा खर्च म्हणजे एक माप, असं धरून चालू. गेल्या तीन वर्षांची सरासरी पाहिली तर स्टुडिओचा खर्च आणि कर वजा जाता वर्षाला १८ मापं हातात येतात. त्यातली १२ घरात जातात, ३ निवृत्तीनिधीत आणि ३ शिल्लक पडतात. आज बँकेत सहज काढता येण्याजोगी १४ मापं आहेत. एवढ्या बेभरवशाच्या व्यवसायात इतकी गंगाजळी जमवणं सोपं नाही. ती तुम्ही शिस्तीने जमवली आहे, म्हणूनच ती अशी एका वर्षात रिकामी होऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

प्रकल्पाचा खर्च तुम्ही २१ मापं धरलाय: कॅमेरा आणि लेन्सला ७, प्रवासाला ५, पुस्तकाच्या ५०० प्रतींना ६, प्रदर्शनाच्या प्रिंट आणि फ्रेमना ३. त्यात वर्षभराचा घरखर्च १२, म्हणजे ३३. शिल्लक १४, निवृत्तीनिधीतून १२, कर्ज ७. बेरीज जुळते. पण या हिशेबात तीन गोष्टी राहून गेल्यात.

स्टुडिओ बंद ठेवला तरी त्याचं भाडं, विमा, सॉफ्टवेअरची वर्गणी, फाइलींच्या साठवणीचा खर्च थांबत नाही. तुमच्याच तक्त्यानुसार ही वर्षाला ३ मापं होतात. दुसरं, वर्ष संपल्यावर पहिल्याच आठवड्यात काम मिळालं असं मानलं तरी पैसे लगेच येणार नाहीत. तुमच्या एजन्सीज बिल दिल्यावर ६० ते ९० दिवसांनी पैसे सोडतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे परतल्यानंतरचे तीन महिने घर चालवायला आणखी ३ मापं हवीत, आणि नेमका तेव्हाच कॅमेऱ्याचा हप्ताही दारात उभा असेल. तिसरी गोष्ट, त्या वर्षी जी ६ मापं बाजूला पडली असती ती पडणार नाहीत. प्रत्यक्ष लागणारा पैसा ३९ मापांचा आहे आणि हुकलेली बचत वेगळी. ३३च्या बेतात हे कुठेच बसत नाही.

याशिवाय एक नुकसान आकड्यात पकडता येत नाही, पण तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला ते न सांगताही कळतं. जाहिरातींची दृश्यं ठरवणारे आणि छायाचित्रकार निवडणारे आर्ट डायरेक्टर वर्षभर तुमची वाट पाहत बसत नाहीत. त्यांची मोहीम ठरलेल्या तारखेला निघायची असते. तुम्ही नसाल तर ते दुसऱ्याला बोलावतात, त्याचं काम नीट झालं की पुढच्या वेळीही तोच आठवतो. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. म्हणून बारा महिन्यांची पूर्ण सुट्टी बारा महिन्यांत संपते असं मी धरत नाही.

निवृत्तीनिधीचं सांगते. महागाई वजा जाता वर्षाला ४ टक्के वाढ धरली, तर आज काढलेली १२ मापं २० वर्षांनी साधारण २६ झाली असती. म्हणजे उतारवयातला दोन वर्षांहून अधिक घरखर्च. त्या वयात जड लाइट स्टँड उचलून दिवसभर उभं राहणं जमेलच असं नाही. हा पैसा त्या वयातल्या तुमचा आहे, तो आज खर्च करू नये.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ. तुम्ही लिहिता, "दिवसभर बाटलीवरचं प्रतिबिंब सावरून झालं की माझे डोळे विझतात, मग स्वतःच्या कामासाठी काही उरत नाही." मला वाटतं, तुम्ही वर्षभराची सुट्टी मागताय ती या थकव्यापायी. प्रकल्पाला तेवढी सुट्टी लागतच नाही. रात्रपाळी सुटते पहाटे सहा-सातला. माणूस दारातून बाहेर आल्यापासून घरची वाट धरेपर्यंतची दहा मिनिटं तुम्हाला हवी आहेत. तुमच्या स्टुडिओत शूट सुरू होतं दहाला. महिन्यातून चार-पाच पहाटा राखून ठेवल्या आणि त्या दिवशी स्टुडिओत काही लावलं नाही, तर दोन वर्षांत शंभरच्या आसपास सकाळी तुमच्या हाताशी येतात.

थकव्यावर उपाय मात्र हवाच, आणि तो तुमच्याच तक्त्यात सापडला. तुमचा सगळ्यात जुना कॅटलॉगवाला क्लायंट उत्पन्नाचा २५ टक्के भाग देतो आणि शूट, रिटचिंग (छायाचित्रांवरची संगणकीय सफाई), दुरुस्त्यांच्या फेऱ्या धरून कामाचे ४० टक्के दिवस खातो. उरलेल्या सगळ्यांकडून ६० टक्के दिवसांत ७५ टक्के पैसे येतात. दिवसाला पडणारा मोबदला पाहिला तर हा क्लायंट इतरांच्या बरोबर निम्मा देतो. त्याचं काम अर्ध्यावर आणलंत तर उत्पन्न आठव्या भागाने घटेल आणि दिवस पाचव्या भागाने मोकळे होतील. जुने संबंध आहेत, तोडू नका. दर वाढवून मागा, दुरुस्त्यांच्या फेऱ्यांना मर्यादा घाला, रिटचिंगचं बिल वेगळं लावा. नाही पटलं तर तो आपणहून काम कमी करेल. प्रकल्प केला नाहीत तरीही हे करा.

व्यावसायिक आणि स्वतःचं काम एका छपराखाली नांदू शकत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटलं नाही. अमेरिकन छायाचित्रकार आयर्व्हिंग पेन १९५० मध्ये व्होग या फॅशन नियतकालिकासाठी पॅरिसमध्ये उंची कपड्यांची छायाचित्रं काढत होते. त्याच दिवसांत, त्याच स्टुडिओत, त्यांनी खाटीक, आचारी, कष्टकरी माणसं आपापल्या कामाच्या कपड्यांत, हत्यारांसह उभी केली आणि पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही ते काम चालू ठेवलं. प्रकाश तोच, नजर तीच, आणि स्टुडिओचा खर्च नियतकालिकाच्या खात्यावर. तुमच्या विषयाशी याचं नातं अगदी जवळचं आहे.

रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांची, कत्तलखान्यातल्या कामगारांची, भटक्या माणसांची जी व्यक्तिचित्रं काढली, ती टेक्सासमधल्या एमन कार्टर संग्रहालयाच्या सांगण्यावरून. इतक्या नावाजलेल्या छायाचित्रकाराच्या मोठ्या कामामागेही एक संस्था उभी होती. त्यांनी साडेसातशेच्या वर माणसांची छायाचित्रं काढली आणि अखेरीस ठेवली १२३. हे प्रमाण तुमच्या प्रवासखर्चाच्या अंदाजाशी ताडून पाहा. पुस्तकात ६० चेहरे हवे असतील तर ६० सकाळी पुरणार नाहीत.

कर्जाबद्दल मी इतकी ठाम का, तेही सांगते. प्रसिद्ध अमेरिकन छायाचित्रकार ॲनी लीबोव्हिट्झ यांनी २००८ मध्ये आपल्या मालमत्तेबरोबर छायाचित्रांचे हक्कही तारण ठेवून कर्ज घेतलं. २००९ मध्ये जवळपास २.४ कोटी डॉलरच्या परतफेडीची मुदत आली तेव्हा आयुष्यभराच्या कामावरचा ताबा जातो की काय, अशी वेळ आली. मुदत वाढवून मिळाली, म्हणून ते टळलं. तुमचं कर्ज त्यापुढे किरकोळ आहे आणि कॅमेऱ्यापुरतंच आहे, मान्य. पण हप्ता सुरू झाला की कामं निवडण्याचं स्वातंत्र्य जातं. ज्या कॅटलॉगच्या कामाला तुम्ही कंटाळलात तेच हप्त्यासाठी पुन्हा घ्यावं लागेल, तेही पडेल त्या दरात.

आणि तो कॅमेरा हवाच कशाला? तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांतली ती परिचारिका मी कितीदा तरी पाहिली. नाकाच्या दांड्यावर मास्कचा लाल वळ, एका हातात चपला, आणि कॅमेऱ्याकडे पाहतानाही डोळे घराकडे लागलेले. हे तुमच्या आजच्याच कॅमेऱ्यावर निघालंय. मोठ्या प्रिंटसाठी मीडियम फॉरमॅटच (नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) हवा असं पुढे ठरलं, तर निवडक दिवसांपुरता भाड्याने आणा. जो कॅमेरा तुमचे क्लायंट मागत नाहीत तो विकत घेणं व्यवसायाच्या हिशेबात बसत नाही.

तर माझी मांडणी अशी. दोन वर्षं. कॅमेऱ्याचं भाडं दीड माप, प्रवास ४, पुस्तकाची डमी म्हणजे नमुना प्रत आणि चाचणी प्रिंट यांना अर्धं. एकूण ६, म्हणजे वर्षाला ३. कॅटलॉगचं काम कमी झाल्याने उत्पन्न १८वरून पावणेसोळावर येईल. मी सावधगिरीने १५ धरते. त्यात घरखर्च भागतो आणि निवृत्तीनिधीतली ३ मापं चालू राहतात. प्रकल्पाचे पैसे गंगाजळीतून येतील, ती १४वरून दोन वर्षांनी ८वर येईल. आठच्या खाली जायचं नाही. कमाई करणारं माणूस एकच, त्यात येणी उशिरा वसूल होणारी. तेव्हा याहून कमी गंगाजळीवर मी तुम्हाला राहू देणार नाही. हे पैसे परत येतील असं धरू नका. खर्च म्हणून सोडून देता येतील एवढेच घाला.

अशी कामं नवे क्लायंट आणतात, हे तुम्ही लिहिलंय आणि ते खरंही आहे. पोर्टफोलिओत आर्ट डायरेक्टर थबकतात ते बहुतेक वेळा कोणी न सांगता केलेल्या कामापाशी. बक्षिसंही मिळतात. व्यावसायिक कामातही नाव असलेले छायाचित्रकार नादाव कँडर यांना चीनमधल्या यांगत्से नदीवरच्या मालिकेसाठी २००९ मध्ये प्री पिक्टे हा छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम एक लाख स्विस फ्रँक असते. शिष्यवृत्त्यांना, अनुदानांना अर्ज जरूर करा. फक्त तो पैसा खात्यात येईपर्यंत बेरजेत घेऊ नका.

पुस्तकाच्या ५०० प्रती आत्ता छापू नका. प्रती वाढवल्या की एका प्रतीचा खर्च उतरतो, त्या मोहाने छपाई होते आणि गठ्ठे स्टुडिओचीच जागा अडवून बसतात. आधी हाताने बांधलेली एक डमी करा, ती दाखवा, आगाऊ नोंदणी घ्या, मग आकडा ठरवा. प्रकाशकाकडे गेलात तर छपाईच्या खर्चात तुमचा वाटा मागितला जाण्याची शक्यता मोठी आहे, ती तयारी ठेवा. प्रदर्शनासाठी जागेचं भाडं भरू नका. आणि गॅलरी विक्रीतला साधारण निम्मा हिस्सा ठेवते, तो धरूनच प्रिंटची किंमत लावा.

शेवट आधी ठरवणं फार गरजेचं आहे. छायाचित्रकार यूजीन स्मिथ १९५५ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात गेले ते तीन आठवड्यांत सुमारे १०० छायाचित्रं काढण्याचं काम घेऊन. ते काम वर्षानुवर्षं लांबलं, हजारो निगेटिव्ह झाल्या आणि घर आर्थिक ओढाताणीत सापडलं. छायाचित्रं थोर आहेत, पण ती झळ कुटुंबाने सोसली. तुमच्या घरात शाळकरी मुलगी आहे. म्हणून दोन वर्षांनी, साठ चेहरे झालेले असोत वा चाळीस, खर्च थांबेल हे आजच जोडीदारासमोर बोलून घ्या.

एक काम पहिल्या दिवसापासून करा. छायाचित्र काढल्यावर तिथेच मॉडेल रिलीजवर, म्हणजे छायाचित्र वापरायला त्या माणसाने दिलेल्या लेखी संमतीवर, सही घ्या, त्या माणसाला समजेल अशा भाषेत, आणि त्याचा पत्ता घेऊन एक प्रिंट पाठवा. रात्रभर राबून आलेल्या माणसाची घाईत सही उरकू नका. पुस्तकात येणार, भिंतीवर लागणार, विकलंही जाऊ शकतं, हे नीट सांगा. या छायाचित्रांचे हक्क पूर्णपणे तुमचे असतील, पण ती सही नसेल तर उद्या कोणी जाहिरातीसाठी मागितली तरी देता येणार नाहीत.

कर्जाचा अर्ज दिला असेल तर या आठवड्यात मागे घ्या. कॅटलॉगच्या क्लायंटशी दराचं बोलणं प्रकल्पाच्या आधी करा, कारण तुमचे मोकळे दिवस तिथूनच निघणार आहेत. प्रकल्पासाठी वेगळं बँक खातं उघडा, त्यात दर सहा महिन्यांनी दीड माप टाका. ते मुदतीआधी संपलं तर पुढचा प्रवास ठरवण्यापूर्वी मला लिहा.