धोतरा, रुई, गाजर गवत: बांधावरच्या विषारी तणांपासून घरी कीटकनाशक करता येतं का?

येतं. पण तुम्ही लिहिलेली तिन्ही तणं मी एका पिंपात कधीच घालणार नाही, आणि गाजर गवत तर अर्काला वापरणारच नाही. आमची शेती इंदूरजवळ, सांवेरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात बटाटा आणि थोडा हरभरा. बारा वर्षं हे अर्क स्वतः करते आहे, म्हणून अनुभवाचं तेवढंच सांगते.

आधी रुई. तिचा चीक हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं बाळगून असतो, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. कोवळ्या शेंड्यांवरच्या माव्यावर आणि अगदी लहान अळ्यांवर रुई-निंबाच्या पाल्याचा अर्क आम्हाला उपयोगी पडला. पण पाला तोडताना एकदा आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाच्या डोळ्यात चीक उडाला. दुखलं नाही, म्हणून तो गप्प राहिला. संध्याकाळी म्हणाला, "काकू, धुकं पडल्यासारखं दिसतंय." रुईच्या चिकाचं हेच वाईट आहे. वेदना होत नाही आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, औषधाच्या थेंबांनी काही दिवसांत दृष्टी पूर्ववत झाली, पण त्या दिवसांत आमच्या घरात कुणाला नीट झोप नव्हती. तेव्हापासून चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय रुईला कुणी हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामाइन ही विषं असतात. झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी. 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक' हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. निकोटीनही तंबाखूच्या पानातूनच येतं की! धोतऱ्याचा अर्क मी भाजीपाल्यावर कधीच मारत नाही. सोयाबीनवर मारलाच तर फुलं लागण्याआधी, तेही क्वचित. त्याचं भांडं, गाळणं, ढवळायची काठी वेगळी, आणि उरलेला अर्क शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायचा नाही. पोरंबाळं असलेल्या घरात एवढी चूकही जिवावर बेतेल. शिवाय काढणीआधी सोयाबीनमधला धोतरा उपटून टाका, नाहीतर मळणीत त्याच्या बिया धान्यात मिसळतात.

माझा खरा भरवसा मात्र तणांवर नाही, निंबोळीवर आहे. 5 किलो निंबोळीची भरड 10 लीटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण पाणी 100 लीटर करायचं. गाळलेला अर्क त्याच दिवशी वापरायचा, तोही ऊन उतरल्यावर, कारण त्यातलं अळ्यांवर काम करणारं द्रव्य, अ‍ॅझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर नष्ट होतं. संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी अळ्या मरून पडलेल्या दिसल्या नाहीत की लोक म्हणतात, गुण नाही. पण निंबोळीने अळी खाणं सोडते आणि तिला नीट कात टाकता येत नाही. याला दिवस लागतात. मोठी, बोटभर झालेली अळी मात्र याने हटत नाही, म्हणून फवारणी अळ्या लहान असतानाच हवी. कोणताही अर्क पहिल्यांदा एकाच ओळीवर मारून दोन दिवस पानं करपतात का ते बघा, आणि शेजारी एक पट्टा न फवारता सोडा. त्याशिवाय गुण अर्काचा की पावसाचा, हे कळत नाही.

जिथे हे चालतच नाही, तेही सांगते. सोयाबीनवरचा चक्रभृंग नावाचा भुंगा खोडाभोवती दोन गोल खाचा पाडतो आणि मध्ये अंडं घालतो. अळी खोडात शिरली की वरून काय शिंपडता याला अर्थ राहत नाही. वरचा शेंडा सुकलेला दिसला की खाचेखालून तोडून नष्ट करायचा. आमच्याकडे सकाळी शेतात फिरून हेच करतात.

घाणेरीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण विषारी तणाचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग तिचाच. माळव्यात बटाटा घरच्या ढिगात ठेवतात आणि त्यात पतंगाची अळी पडते. घाणेरीची वाळलेली पानं चुरून ढिगाखाली आणि वर दोनेक सेंटिमीटरचा थर द्यायचा. अर्क नाही, पंप नाही, पतंग मात्र अंडी घालायला फारसा येत नाही. फक्त ही पानं गुरांच्या तोंडी लागू देऊ नका, त्यांचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते.

आता गाजर गवत. पुण्यात 1950च्या दशकात नोंदलं गेलेलं हे तण आज इथल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. त्यातलं पार्थेनिन कातडीला खाज आणि चट्टे आणतं, शिवाय कोवळ्या रोपांची वाढही रोखतं. ज्याने पीकच खुरटेल तो अर्क पिकावर कशाला मारायचा? आम्ही ते फुलं येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटतो आणि खड्ड्यात शेण-मातीच्या थरांत कुजवतो. इंदूरला हे नवं नाही. होळकर संस्थानाच्या काळात, 1924 ते 1931 या वर्षांत, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच शेतातला काडीकचरा थरांत कुजवायची 'इंदूर पद्धत' बसवली. फुलं आलेलं गवत मात्र खड्ड्यात टाकू नका, बिया शेतभर होतील.

आणि पावसाळ्यात त्या गवतावर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले छोटे भुंगे दिसले, तर तिथे काहीच फवारू नका. ते मेक्सिकोतून 1984 मध्ये मुद्दाम आणलेले, गाजर गवत खाणारे भुंगे आहेत. त्यांना खाऊ द्या.